पाण्याकडे तोंड करून

जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी जी माणसे येऊन बसतात, त्यांचे सरळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष पाण्याकडे पाठ करून बसतो, दुसरा पाण्याकडे तोंड करून. बहुमत अर्थातच पहिल्या पक्षाचे आहे, आणि त्यात नवल नाही. पाठीमागे नुसती खाडी. समोर मात्र भेळवाला, फुगेवाला, चेंडू खेळणारी पोरे आणि शेजारच्या इमारतीतल्या मंडळींच्या खाजगी बातम्या. इतका भरगच्च कार्यक्रम सोडून गढूळ पाण्याकडे कोण बघत बसणार?

तरीही अल्पमतातला तो दुसरा पक्ष चिकाटीने टिकून आहे. त्यात तीन प्रकारची माणसे असतात. प्रेमात पडलेली, नोकरी गेलेली आणि गळ टाकून बसलेली. पहिल्या दोन प्रकारची माणसे पाण्याकडे तोंड करून असतात एवढेच. त्यांना पाणी दिसत असते असे नाही. पाणी खरोखर पाहतो तो तिसरा. गेली चार वर्षे मी या तिसऱ्या वर्गात उमेदवारी करतो आहे. मराठीच्या प्राध्यापकाने हा उद्योग कुठून काढला, असे माझ्या घरातही विचारले जाते. त्याचे उत्तर म्हणून हे प्रकरण.

आमच्या या काठाला चौपाटी म्हणायचे, हा आम्हा भाईंदरकरांचा लाडिकपणा आहे. ही आहे वसईची खाडी. राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत येते, आणि वाटेतल्या शहरांचे नि कारखान्यांचे जे काही तिच्या पदरात पडते ते घेऊन इथून समुद्राला मिळते. पलीकडे नायगाव. डाव्या हाताला रेल्वेचे पूल, आणि त्या पुलांच्या वाटेत पाण्याने वेढलेले पाणजू बेट. काठाला तिवरांची दाटी, आसपास जुनी मिठागरे. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्याचा वास थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. जागा विकताना बिल्डर या वासाचा उल्लेख करीत नाहीत, ‘खाडीचे दर्शन’ तेवढे सांगतात.

मला या पंथाची दीक्षा दिली ती आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे वेंगुर्ल्याकडचे. सारी सोसायटी त्यांना काका म्हणते. मी साताऱ्याकडचा, मासा मला माहीत तो चित्रातला आणि मीनाक्षी या नावातला. काकांच्या तोंडून मी पहिल्यांदा ‘गरवणे’ हे क्रियापद ऐकले. गरी म्हणजे गळ, आणि गरवणे म्हणजे गळाने मासे धरणे. पंचवीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण हा शब्द मला ना अभ्यासक्रमात भेटला, ना परीक्षेत. घाटावरच्या मराठीने कोकणातल्या मराठीकडे पाठ करून बसण्याचाच हा आणखी एक प्रकार.

काकांचे साहित्य पाहिले तर कोणाचीही निराशा होईल. परदेशी सिनेमातल्यासारखी चकचकीत काठी नाही की चाक नाही. पाण्याची एक रिकामी बाटली. तिच्याभोवती गुंडाळलेला तंगूस, म्हणजे माशाला न दिसणारा तो पारदर्शक नायलॉनचा धागा. टोकाला शिशाचा लहानसा गोळा आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर गळ. आमिषाला करंदी, नाहीतर कणकेची गोळी. डाव्या हातात बाटली धरायची, उजव्या हाताने शिसे दोनदा फिरवून सोडून द्यायचे, की धागा बाटलीवरून सरसर सुटत जातो. मग तो तर्जनीवर घ्यायचा आणि गप्प बसायचे. पाण्याखाली जे काही घडते ते त्या एका बोटाला कळते. खेकडा आमिष कुरतडतो तेव्हा धागा थरथरतो, लहान मासा टोचा मारून पळतो, आणि मोठा मासा आला तर तो काही सांगत नाही, नुसता ओढतो.

पण साहित्यापेक्षा महत्त्वाचे शास्त्र आहे ते वेळेचे. काका त्यासाठी फोनमध्ये डोके घालत नाहीत, पंचांग उघडतात. तिथीच्या अंकाला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल ते उत्तर म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरच्या भरतीची सुमाराची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरणार. खाडीत आत शिरायला त्याला आणखी थोडा वेळ द्यावा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत कधी कधी पाच मीटरपर्यंत फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी मवाळ. मासा धरायचा तो पाणी चढत असताना. कारण भरतीबरोबर तो चिखलावरचे खाद्य टिपायला काठाशी येतो. हे गणित मी माझ्या मुलीला शिकवले तेव्हा ती म्हणाली, “बाबा, पंचांग उपासाशिवाय आणखी कशाला वापरतात हे मला आजच कळलं!” आता मराठी महिने आणि पक्ष तिला तोंडपाठ आहेत. एवढे काम कोणत्याही पाठ्यपुस्तकाने केले नव्हते.

आणि खाडीतली मंडळी तरी काय एकेक! ओहोटीच्या चिखलावर निवट्या उड्या मारीत असतो. मासा असून तो पाण्याबाहेर हिंडतो. ओल्या कातडीतून श्वास घेतो आणि डोक्यावर बसवल्यासारखे डोळे फिरवीत जगाकडे संशयाने पाहतो. बोई थव्याने येते आणि उगाच पाण्याबाहेर झेप घेते. शिंगाळ्याच्या परांना विषारी काटे असतात, म्हणून नवख्याने त्याला हात लावू नये. पण याच शिंगाळ्याचे पितृप्रेम असे, की मादीने घातलेली अंडी नर आपल्या तोंडात घेऊन फिरतो, आणि पिले बाहेर पडेपर्यंत काही आठवडे अन्नाला शिवत नाही. मुलांचे अभ्यास ‘हिच्याकडे’ सोपवून वर्तमानपत्र उघडणाऱ्या आम्हा पुरुषमंडळींनी त्याच्यासमोर मान खाली घालावी.

या सगळ्यांचा राजा जिताडा. पेण-अलिबागकडे खारजमिनीतल्या तळ्यांत तो हौसेने वाढवतात आणि जावयाला वाढतात. त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. आयुष्याची पहिली काही वर्षे जिताडा नर असतो, आणि पुढे मोठा झाला की मादी होतो. वाढीचा काळ गोड्या पाण्यात काढून अंडी घालायला तो खाडीच्या मुखाकडे उतरतो. तेव्हा बाजारात जो भलामोठा जिताडा ओट्यावर दिसतो, ती बहुधा आई असते. एकदा श्रावणातल्या भरतीला काकांच्या गळाला हातभर जिताडा लागला. पाणी फाटले, रुपेरी अंग एकदा वळले आणि काठावरचा अल्पमतातला सारा पक्ष उभा राहिला. काकांनी आधी आपले हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने धरले तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो, म्हणून. गळ अलगद काढला, मासा पाण्यात सरळ धरला, आणि त्याने शेपटीचा एक फटकारा देऊन आमचा निरोप घेतला. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा काका पकडीने आधीच दाबून टाकतात. म्हणून हे एका क्षणात होते. मी विचारले, “काका, सोडलात?” ते म्हणाले, “सर, पाण्याक घाई नसता. मोठो होऊन येतलो.”

आमच्या संस्कृतच्या सहकाऱ्यांना मात्र हा सारा प्रकार मान्य नाही. “मासा ओरडत नाही म्हणून तुमचे निभावते,” असे ते म्हणतात. आक्षेप खरा आहे. काटा दाबला, हात भिजवले, मासा सोडला, तरी त्याचा जीव क्षणभर आपण टांगणीला लावला हे नाकारता येत नाही. मी एवढेच म्हणतो, की बाजारातून शंभर मासे घरी नेणाऱ्याला त्यातल्या एकाचाही डोळा आठवत नाही, आणि गळ टाकणाऱ्याला आपला एक मासा जन्मभर आठवतो. हे समर्थन पुरेसे नाही, हे मलाही कळते. पण जिताड्याची आई वाचावी, असे मला गळ हातात घेण्यापूर्वी कधी वाटले नव्हते, हेही तितकेच खरे.

त्याच सहकाऱ्यांना मी एकदा मानसोल्लास दाखवला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला हा संस्कृत ग्रंथ. आम्ही मराठीचे लोक त्याचे नाव एकाच कारणासाठी घेतो: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख त्यात आहे. दरवर्षी तो उल्लेख सांगायचा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, हा आमचा शिरस्ता. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरण आहे. कोणता मासा समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला खवले, कोणाला नाहीत, कोणाला कोणते आमिष गोड लागते, गळाची दोरी नि काठी कशी असावी, हे सारे राजाने बारकाईने सांगितले आहे. गळ टाकण्यापूर्वी त्या जागी माशांना खाऊ घालून त्यांची सवय करावी, हेही. इंग्रजीत आयझॅक वॉल्टनचे या विषयावरचे प्रसिद्ध पुस्तक 1653 साली आले. आमचा राजा त्याच्या पाचशे वर्षे आधी काठावर बसला होता. ओवी आणि मासा एका पोथीत नांदतात, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यातले अर्धेच पान शिकवतो.

महाराष्ट्रात गोड्या पाण्यातल्या गळाचा मानकरी म्हणजे खडशी, इंग्रजीतला महसीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे 1839 साली शास्त्रीय वर्णन केले. त्याचे ‘टोर खुद्री’ हे शास्त्रीय नाव ऐकले तरी त्यामागे इथल्याच बोलीचा कान लागला असावा असे वाटते. पुढे नद्यांवर धरणे झाली, पाणी बिघडले आणि खडशी दुर्मिळ होत गेला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात महसीरची पैदास सुरू केली आणि तिथली पिले दूरदूरच्या पाण्यात सोडली गेली. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडात तर हे मासे देवीचे मानले जातात. भाविक त्यांना कुरमुरे घालतात, धरत कोणी नाही. आणि मुंबईच्या उशाशी, 1891 च्या सुमारास बांधलेल्या पवईच्या तलावावर, गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी 1936 साली आपली संस्था काढली. एका ठिकाणी श्रद्धेने पाणी राखले, दुसऱ्या ठिकाणी कारखानदारीने, तिसऱ्या ठिकाणी हौसेने. कोणी ना कोणी पाण्याकडे तोंड करून बसले होते, हे तिन्ही ठिकाणी समान.

हौसेत किती बळ असते हे मला कळले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. हा मुलगा अमेरिकेत मिसुरी राज्यात नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने हातात ठिपकेदार मासा धरलेला फोटो पाठवला. तो ट्राउट. मिसुरी आणि आर्कान्सा या राज्यांत ओझार्क नावाचा डोंगराळ टापू आहे. चुनखडीचे डोंगर, गुहा, आणि बारा महिने गार पाण्याचे मोठमोठे झरे. त्याने लिहिलेली हकीगत मोठी मौजेची आहे. तिथे झऱ्यांवरची चार उद्याने ट्राउटसाठी राखलेली आहेत आणि 1 मार्चला पहाटे त्यांचा हंगाम उघडतो. हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत खांद्याला खांदा लावून काठावर उभी असतात, आणि साडेसहाला भोंगा झाला की सगळ्यांचे गळ एकदम पाण्यात! मला गिरणगावाचीच आठवण झाली. फरक इतकाच, की इथे भोंग्याबरोबर माणसे कामाला लागत, तिथे मौजेला.

पण गंमत पुढेच आहे. हा ट्राउट ओझार्कचा नव्हेच. तो 1880 च्या सुमारास बाहेरून आणून सोडलेला. आपल्या काश्मीरात 1900 च्या सुमारास साहेबाने आणला तसाच. पुढे आर्कान्सात मोठी धरणे झाली. धरणाच्या तळाचे गारठलेले पाणी खाली सोडू लागले तसे तिथले मूळचे, उबदार पाण्यातले मासे हटले. म्हणून सरकारने 1957 साली नॉरफोर्क येथे ट्राउटची पैदास सुरू केली आणि नदीत हा पाहुणा भरला. म्हणजे निसर्ग तिथेही जसाच्या तसा राहिलेला नाही. पण तिथल्या गळवाल्यांनी आणि होडीवाल्यांनी एक गोष्ट केली. त्याच टापूतल्या बफेलो नदीवर धरण घालण्याचा बेत झाला तेव्हा 1962 साली त्यांनी ओझार्क सोसायटी स्थापली, दहा वर्षे झगडा दिला, आणि 1972 मध्ये ती नदी राष्ट्रीय नदी म्हणून वाहती राखली गेली. मिसुरीच्या मतदारांनी तर 1976 साली रानासाठी आणि पाण्यासाठी स्वतःवरच विक्रीकर बसवून घेतला: शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेबारा सेंट. कर बसवून घेण्यासाठी मत देणारी माणसे या जगात आहेत, हे वाचून आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

ही माणसे आपल्याहून सज्जन होती असे मी मानत नाही. त्यांनी दर रविवारी ती नदी पाहिली होती, एवढेच. कुठल्या डोहात काय आहे हे बोटाला माहीत झाले, की तो डोह बुजवायला कोणी आले तर बोट आपोआप उठते.

आता आमच्या खाडीकडे या. काका सांगतात, पंधरा वर्षांपूर्वी तांब लागायची, ती आता क्वचितच. इथला मासा ते घरी नेत नाहीत, मीही नेत नाही. उल्हासच्या पाण्याबद्दल जे वर्तमानपत्रात येते ते आम्ही दोघेही वाचतो. पण पाणजूच्या नि भाईंदरच्या कोळी-आगरी घरांना ही चैन परवडत नाही. त्यांचे पोट त्याच पाण्यावर आहे. आणि गळाला अलीकडे सर्वांत जास्त काय लागते म्हणाल, तर प्लास्टिकची पिशवी. तिच्यात बहुतेक वेळा हार, उदबत्तीची रिकामी पुडी आणि नारळ असतो. पूल आला की लोकलच्या दारातून भाविक हात ती पिशवी पाण्यात भिरकावतो, त्याच हाताने नमस्कार करतो, आणि गाडी नायगावला पोहोचते. 2025 साली पाणजूचा एक तरुण पुलावरून पायी जात असताना असाच धावत्या गाडीतून फेकलेला नारळ डोक्याला लागून मरण पावला. फेकणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. त्याच्या मनात तिथे माणूसच नव्हता. खाडी म्हणजे दोन स्टेशनांमधली रिकामी जागा, एवढेच त्याला माहीत होते. पाण्याकडे पाठ करून बसण्याची किंमत असा कोणीतरी तिसराच भरतो.

कायदे आहेत. तिवरांची तोड उच्च न्यायालयाने 2005 मध्ये थांबवली. 2012 पासून त्यांच्यासाठी वनखात्यात स्वतंत्र कक्ष आहे. पण रात्रीत भराव पडला हे न्यायालयाला कोण सांगणार? त्या जागी रोज बसणाराच. गेल्या पावसाळ्यात काठावरच्या तिवरांत राडारोड्याचा ढीग दिसला, तेव्हा पहिला फोटो काढून तक्रार केली ती आमच्यातल्याच एका रिक्षावाल्याने. कारण भांगाच्या दिवसांत तो तिथेच गळ टाकतो. ढीग उचलला गेला. पुन्हा पडेल, पुन्हा तक्रार होईल. पण ती करायला तिथे कोणीतरी बसलेले असले पाहिजे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीसाठी एक साधा बेत सुचवतो. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे उधाणाचे. त्या दिवशी दुपारी पाणी तुडुंब असेल आणि दिवेलागणीला खाडी रिती झालेली दिसेल. भाऊबीजेचे गणित मुलांकडून करवून घ्या: दोन त्रिक सहा, भागिले चार. दुपारी दीडची भरती. म्हणजे सकाळी आठानंतर पाणी चढू लागेल. फराळ उरकून पोरांना घेऊन जवळच्या खाडीवर, नदीवर, तलावावर जा. जिथे मासे धरण्याला परवानगी असेल तिथे गळ टाका; नसेल तिथे नुसते बसा. मासा लागेलच असे नाही. आमच्या इकडे आलात तर काका भेटतील, बाटली आणि तंगूस त्यांच्याकडे जास्तीचा असतो. फक्त बसताना तोंड कुठल्या बाजूला करायचे, एवढे लक्षात ठेवा. भेळवाला कुठे पळून जात नाही.